मोजणाऱ्याचें ऋण

शास्त्रज्ञानें केवळ जाणावें, कीं जाणलेलें सांगण्याचें बंधनही त्याजवर आहे, हा प्रश्न वर्गांत जितका सोपा वाटतो तितका तो नदीकांठीं राहत नाहीं. मी रसायनशास्त्राचा अध्यापक. पुणें शहराचें सांडपाणी पोटांत घेऊन पुढें भीमेस मिळणाऱ्या मुळा-मुठेचे नमुने घेण्यास विद्यार्थ्यांसह लोणी काळभोरच्या बाजूस गेलों असतां त्याची गांठ पडली.

पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची विंकलरची रीत १८८८ सालची आहे व ती अद्याप चालते. नमुन्यांत मँगनीज सल्फेट आणि क्षारयुक्त आयोडाइड घातलें कीं साका बसतो. प्राणवायु असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. नेमका आंकडा प्रयोगशाळेंत निघतो, परंतु रंग कांठावरच दिसतो. आमचा साका पांढरा होता. माशांच्या वाढीसाठीं लिटरमागें किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायु हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

जवळच्या मळ्यांतील एक वृद्ध शेतकरी मघांपासून पाहत उभा होता. त्यानें विचारलें, "काय निघालं पाण्यांत, साहेब?" मीं म्हटलें, "अजून तपासायचंय, बाबा." तो मान हलवून निघून गेला.

हें उत्तर खोटें नव्हतें. एक बाटली म्हणजे नदी नव्हे. पहाटेचा व दुपारचा प्राणवायु सारखा नसतो. पुराचें पाणी निराळें, वैशाखांतलें निराळें. निष्कर्षाची घाई करणारा शास्त्रज्ञ लोकांचें अहितच करतो, हेंही मला मान्य आहे. तथापि त्या गृहस्थानें निष्कर्ष मागितलाच नव्हता. आम्हांला काय दिसलें, एवढेंच विचारलें होतें. 'या बाटलींत प्राणवायु दिसत नाहीं, नदीचें पुढें पाहूं,' असें सांगितल्यानें शास्त्राचा कोणता नियम मोडला असता? एक सावधगिरी सत्यासाठीं असते, दुसरी स्वतःच्या सोयीसाठीं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. माझी कोणती होती तें मला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, शास्त्र त्या शेतकऱ्याचें काय देणें लागतें? १८३९ सालीं कर्नल साइक्स यानें दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील खुद्री नांवाचा महसीर त्याला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस, याच मुळा-मुठेंत. खुद्री, शिंगटी, कोलस हीं आज शास्त्रीय नामावलींत जगभर चालणारीं नांवें त्यानें येथल्याच लोकांच्या बोलींतून उचललीं. ज्यांच्याकडून नांवें घेतलीं त्यांच्या वारसांना आम्हीं आंकडाही देऊं नये, हा व्यवहार मोठा विचित्र खरा! नियतकालिकाकडे मात्र तोच आंकडा आम्ही तत्परतेनें धाडतों.

परततांना एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, खरं सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग माझ्या विहिरीचं काय?" विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर होती. मला उत्तर सुचेना. तिचा नमुना आम्हीं घेतलाच नव्हता. आमच्या आराखड्यांत विहीर नव्हतीच.