विरजण शेजारचं

सोर्समधून बांधायच्या लिनक्स वितरणांबद्दल एक समज आहे: इथे कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. जेन्टू वापरणारा शक्यतो तयार बायनरी घेत नाही; सोर्स उतरवून आपल्याच यंत्रावर कंपाईल करतो. घरचं दूध, घरचं दही. हास्केल या फंक्शनल भाषेचं आकर्षणही याच जातीचं. फंक्शन शुद्ध आहे की नाही ते टाइपवरून कळतं आणि कंपायलर ते तपासतो. मग हास्केलची जीयूआय लायब्ररी जेन्टूसाठी पॅकेज करणं म्हणजे दोन खात्र्यांची बेरीज व्हायला हवी. प्रत्यक्षात या कामात पावलोपावली कोणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं.

जीटीके-टू-एचएस घ्या. ही लायब्ररी खिडक्या आणि बटणं स्वतः रंगवत नाही; ते काम सीमध्ये लिहिलेली जीटीके करते. हास्केलची बाजू दुभाष्याची. सीच्या फंक्शनचा टाइप लायब्ररीचा लेखक जाहीर करतो आणि कंपायलर तो मान्य करतो. लेखकाने 'हे शुद्ध आहे' म्हटलं, तर सीमेपलीकडे डोकावून कंपायलर ते पडताळत नाही. सिद्धता संपते तिथे वचन सुरू होतं.

आणि कंपायलर? जीएचसी बहुतांशी हास्केलमध्येच लिहिलेला आहे. तो बांधायला आधी एक जीएचसी लागतो. म्हणून जेन्टूवरही सुरुवातीला सहसा तयार बायनरीच उतरवली जाते. दही घरचं, विरजण शेजारचं. कंपायलरमधला दगा सोर्समध्ये मागमूस न ठेवता पुढच्या कंपायलरमध्ये उतरू शकतो, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापलेल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून ठेवलं आहे.

मॅनिफेस्टमधला हॅश एवढंच सांगतो, की पॅकेज करणाऱ्याने पाहिलेली फाइल आणि तुमच्याकडे आलेली फाइल एकच आहे. ती सज्जन आहे असं तो म्हणत नाही. २०२४मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला, तेव्हा तो अधिकृत फाइलमध्येच होता. हॅश बरोबर जुळलाच असता.

मग सोर्स हाताशी असण्याला अर्थ काय? माझ्या मते, सोर्समुळे विश्वासाची गरज संपत नाही; त्या विश्वासाला जाब विचारता येतो. आणि जाब विचारता येतो म्हणूनच पॅकेज करणाऱ्यावर एक कर्तव्य येतं.

त्याची कसोटी एका क्षुल्लक ओळीत लागते. लायब्ररीच्या कबाल फाइलमध्ये लेखकाने लिहिलेलं असतं: अमुक अवलंबन, अमुक आवृत्तीच्या आतच. नवा जीएचसी आला की ही मर्यादा आड येते. पॅकेज करणारा ती सैल करतो आणि लायब्ररी कंपाईल होते. पण ती मर्यादा 'पुढे मोडेल' म्हणून होती, की 'पुढचं मी तपासलेलं नाही' म्हणून? ओळीवरून कळत नाही. मूळ लेखक बिनपगारी, सैल करणारा बिनपगारी, आणि खिडकी कोसळली तर नुकसान तिसऱ्याच अनोळखी माणसाचं. फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी नसते, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. पाणपोई फुकट असते, तरी घातलेलं पाणी पाहून घालावं लागतं.

सगळं तपासणं मात्र कोणालाच शक्य नाही, आणि अशक्य ते कर्तव्य असू शकत नाही. शक्य आहे ते एवढंच: आपण कुठपर्यंत पाहिलं ते सांगणं. जेन्टूमध्ये नव्या आवृत्तीच्या आर्किटेक्चरच्या नावामागे '~' हे चिन्ह लागतं: बांधून पाहिलं आहे, काळाने अजून पारखलेलं नाही. स्थिर म्हणवून घेण्याआधी साधारण तीस दिवस थांबायची प्रथा आहे. त्या नागमोडी रेघेत मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट दिसते. ती रेघ खात्री देत नाही, पण खोटी खात्रीही देत नाही. अनोळखी माणसाला आपण किमान एवढं तरी देणं लागतो.