वाचणाऱ्याचे देणे

लहान मुलाच्या वहीत लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारणे सोपे आहे. ते कोणासाठी सुधारायचे, हे त्या शेऱ्यात नसते. खानदेशातल्या बोदवडच्या शाळेतला मुलगा असो की पुण्याच्या शाळेतली मुलगी, त्यांच्या कानावर दोनच कारणे पडतात. एक, परीक्षेत गुण जातील. दुसरे, ज्याचे अक्षर गबाळे तो माणूसही गबाळा. पहिले कारण व्यवहाराचे आहे आणि परीक्षेपुरते खरे आहे. दुसरे मात्र नीतीच्या नावावर खपते आणि ते खोटे आहे. सुवाच्य अक्षरात खोटे दस्त लिहिणारे लोक प्रत्येक राजवटीत होऊन गेले. तरीही अक्षराचा धर्माशी संबंध आहे असे मला वाटते. तो लिहिणाऱ्याच्या स्वभावात शोधायचा नाही. लिहिलेले कुणीतरी वाचणार असते, आणि त्या वाचणाऱ्याचे आपण काही देणे लागतो. मुलाला अक्षर शिकवायचे ते हे देणे फेडता यावे म्हणून.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात बोरू, कागद, कात्री, शाई यांचा विचार कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्या सूचना नीट पाहिल्या तर त्यांतल्या बहुतेक वाचणाऱ्याच्या बाजूने केलेल्या दिसतात. कागद आखून घ्यावा, ओळींतले अंतर कमीजास्त होऊ नये, वरच्या ओळीतले काही खालच्या ओळीला लागू नये, पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. या शेवटच्या सूचनेत तर लिहिणारा गेल्यानंतर जन्माला येणाऱ्या वाचकाची काळजी आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली बाडे आहेत, समर्थांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. ते वाचक आज खानदेशातच त्या पानांपाशी बसतात.

हा समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. अक्षर हा काही घरांचाच मक्ता होता, आणि सुंदर अक्षराचे कौतुक करताना ज्यांच्या हाती बोरू येऊच दिला नाही त्यांचा विसर पडतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. पण त्यातून अक्षराची किंमत कमी ठरत नाही. ज्या घरात पहिली-दुसरी पिढीच शिकते आहे तिथल्या मुलाला ते अधिक मायेने, अधिक धीराने शिकवायला हवे, एवढे ठरते. अक्षर हलले की काय होते हे वारकरी परंपरेला चांगले ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या नकलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अशुद्धे शिरत गेली, म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये पोथी शुद्ध करायला बसावे लागले. त्या नकला करणारे वाईट लोक नव्हते. पुष्कळसे भक्तच असतील. भक्ती असूनही वाचणाऱ्यापर्यंत भलताच शब्द पोचू शकतो, म्हणून हाताची काळजी वेगळी घ्यावी लागते.

आता मुलाच्या हाताकडे या. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात. एक ‘क’ काढायचा तर डावीकडचा गोल, मधली उभी रेघ, उजवीकडे खाली वळणारी शेपटी आणि माथ्यावरची रेघ, इतक्या वेळा हाताला दिशा बदलावी लागते. आपले अक्षर वरच्या रेघेला लटकते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. सेमी-इंग्रजीचे मूल एकाच सकाळी दोन्ही करते. बोदवडकडच्या पुष्कळ मुलांच्या घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. शब्द आठवण्यात मन गुंतले की हात मागे राहतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या मुलांनी काही अक्षरे स्वतः काढली, काही गिरवली, काही कळ दाबून टंकली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतले वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांपाशी; गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांपाशी तसे झाले नाही. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. तरी वेडेवाकडे, दर वेळी निराळे येणारे अक्षर हा शिकण्याचाच भाग आहे, एवढे त्यातून म्हणता येते. तो गुन्हा मानून खोडायला धावू नये. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या खराब अक्षराबद्दल खेद व्यक्त केला आहे आणि मुलांना लिहिण्याआधी चित्रकला शिकवावी असे सुचवले आहे. हे मला पटते : डोळ्याने आकार नीट पाहिला की हात हळूहळू त्याच्या मागे येतो.

यावर जुने शिक्षक म्हणतील, शिस्त नको का? दहादा लिहिल्याशिवाय हात वळतो का? वळत नाही. समर्थांनीही देह झिजवायलाच सांगितले आहे. रोज दहा-पंधरा मिनिटे, आखलेल्या वहीत, सावकाश, हे चुकवून चालणार नाही. प्रश्न सरावाचा नाही, सरावाचे तोंड कुणीकडे आहे याचा आहे. ‘मी सावकाश लिहीन’ हे वाक्य शिक्षा म्हणून पन्नास वेळा लिहिणारे मूल विसाव्या ओळीपासून घाईने लिहू लागते, कारण ते कुणीच वाचणार नाही हे त्याला कळलेले असते. त्याऐवजी दोन ओळी लिहून झाल्या की शेजारच्या मुलीने त्या मोठ्याने वाचाव्यात. तिने ‘घर’चे ‘धर’ वाचले, ‘भात’चा ‘मात’ केला, की माथ्यावरची रेघ कुठे जोडायची आणि कुठे सोडायची हे लिहिणाऱ्याला आपोआप दिसते. तिथे लाल शाईची गरज उरत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. तिथे मुले रोज पाहत होती ती हीच गोष्ट : कुणीतरी आपल्याला वाचता यावे म्हणून हाताने लिहिते आहे.

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात अशुभ मानून बदलायला लावणे हा धर्माच्या नावावर चाललेला अन्याय आहे, कारण वाचणाऱ्याला हात दिसत नाही, अक्षर दिसते. त्यासाठी किंवा अक्षरासाठी होणारी शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहेच.

राहिला सर्वांत खोल आक्षेप, आणि तो याच मुलखातला आहे. बोदवडशेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. परंपरा सांगते की मायना काय लिहावा हे न कळून चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरेच पत्र पाठवले, आणि ज्ञानदेवांच्या बहिणीने, मुक्ताबाईने ते वाचले. मग ज्ञानाला अक्षराची गरज काय? पण निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी जे उत्तर दिले ते कोरे नव्हते. त्या पासष्ट ओव्या आहेत, म्हणून त्या आपल्यालाही मिळाल्या. कोरा कागद मुक्ताबाईला वाचता येतो. बाकीच्यांसाठी लिहावेच लागते.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण याहून अवघड आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि खानदेशाने त्यांच्याइतके खोल बोलणारे दुसरे कोणी दिलेले नाही. अक्षर नसलेला माणूस उणा असतो असे जो म्हणतो त्याने त्यांच्यापुढे गप्प बसावे. पण त्या म्हणत गेल्या तेव्हा घरातल्या लिहित्या हातांनी ते टिपून ठेवले, त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले, बहिणाबाई गेल्यानंतर. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा, तरी वाचणाऱ्याचे देणे पोचते झाले. म्हणून ज्या मुलाची बोटे खरोखरच साथ देत नाहीत, त्याला लेखनिक देणे किंवा तोंडी उत्तर देऊ देणे ही सवलत म्हणून मोजू नये. त्याच्या मनातले दुसऱ्यापर्यंत जाणे हेच मुळात साधायचे होते. आणि ज्या मुलाची बोटे साथ देतात, त्याने या सुट्टीत आजीकडच्या जात्यावरच्या ओव्या, तिच्याच बोलीत, ओळीत पुरेशी जागा सोडून उतरवून घ्याव्यात. धाकट्या भावंडाला त्या वाचता आल्या की सराव झाला.