उद्धटपणा कोणाचा?

१६ वर्षांचा मुलगा बापाला उलट उत्तर देतो, आणि आपण त्याला उद्धट म्हणून मोकळे होतों. त्या क्षणीं त्याच्या मूत्रपिंडांवरील इवल्या ग्रंथी रक्तांत काय सोडीत असतात, हें कोण पाहतो? भय आणि क्रोध या दोहोंत शरीराची सिद्धता जवळजवळ एकच असते, असें वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१५ सालच्या ग्रंथांत दाखविलें. म्हणजे दिसणारा उर्मटपणा कित्येकदां भेदरलेपणाही असेल! उलट, दांडगट मुलांपैकीं पुष्कळांची नाडी संथच चालते, असें पुढील संशोधकांस आढळलें. त्यांना धाकाचा उपयोग तो काय?

मग सारा दोष ग्रंथींचा? तसें मला वाटत नाहीं. ग्रंथी हाताला बळ देतील; तो उगारावा कीं नाहीं, हें ठरविणारा मेंदूचा पुढील भाग मात्र विशीपलीकडेही परिपक्व होतच असतो. म्हणून मुलाचा दोष उरतो, पण थोडा. त्याच ग्रंथींच्या जोरावर छडी उचलणाऱ्या ४५ वर्षांच्या बापाचा अधिक.