जनीची वाकळ आणि आमची गोधडी



आमच्या प्रवासाच्या पिशवीत टाळ असतात, ज्ञानेश्वरी असते, आणि अगदी तळाशी एक पत्र्याचा डबा असतो. त्या डब्यात काय आहे, अशी पृच्छा पुष्कळजण करतात. कोणास वाटते पानसुपारी, कोणास वाटते औषध. डब्यात सुया आहेत, पक्क्या दोऱ्याची दोन रिळे, एक अंगुस्तान, मेणाचा खडा आणि लहानशी कातर. आम्ही गोधड्या शिवतो. कीर्तनकाराने हे करावे की नाही, यावर आमच्या गावी काही दिवस चर्चा झाली. आता लोकांस सवय झाली आहे. या छंदाने आम्हांस पुष्कळ आनंद दिला आणि एकदा चांगला तडाखाही दिला. दोन्ही सांगावे म्हणून हा प्रपंच.

छंद लागला तो असा. एका गावी सप्ताह होता. सप्ताहात कीर्तनकाराची दुपार फार लांब. पहाटे काकडा, सकाळी पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मधल्या वेळात यजमान म्हणतात, "बुवा, आराम करा." आराम तरी किती करावा? आमची उतरण्याची जागा शिंप्याच्या दुकानामागे होती. दाराशी रोज कातरणाचा ढीग पडे आणि संध्याकाळी तो चुलीत जाई. एक दिवस त्यातला एक हिरवा तुकडा उचलला, मग एक तांबडा. आठ दिवसांनी घरी परतलो ते चिंध्यांचे बोचके घेऊन. आमच्या कुटुंबाने बोचके सोडून पाहिले आणि म्हणाली, "अहो, कीर्तनाला हेच मिळालं का?"

शिवणे तिनेच शिकवले. आमचे पहिले टाके पाहून ती म्हणाली, "टाका घालताय की गोठ्यात खुंट ठोकताय?" लघुकौमुदी मुखोद्गत असलेल्या माणसास साठीजवळ येऊन असे ऐकून घ्यावे लागले, पण खरे होते ते.

ज्यांनी गोधडी केवळ पांघरली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला धड कापड लागते. पूर्वी त्यास नऊवारी सुती लुगडे घेत. नऊ वारांच्या चार घड्या घातल्या की सव्वादोन वार लांबी येते, म्हणजे माणूस पाय पसरून निजेल इतकी. दोहोंच्या मध्ये जुनेर, विटलेली धोतरे, फाटके पटके, जे असेल ते. कापड मऊ झालेले हवे. पुष्कळ धुतलेले, अंगावर झिजलेले. नवे कोरे कापड आधी धुवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यास ते आटते आणि गोधडी आखडते. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या दिसावयास झकपक, पण घाम टिपत नाहीत आणि सुईखालून निसटतात. आम्ही त्या घेत नाही. थर जमिनीवर पसरावेत, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवावेत, हाताने सुरकुती काढावी आणि लांब लांब कच्चे टाके घालून सर्व एका जागी बांधून घ्यावे. मग कडेपासून धावदोरा. एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, असे मध्याकडे सरकत जावयाचे. मोठी गोधडी असली तर आम्हांस दोन महिने लागतात. आमच्या मातोश्री मध्याशी पोचल्या की शेवटच्या टाक्याखाली भाकरीचा एवढासा तुकडा ठेवीत. गोधडी उपाशी राहू नये म्हणत. मुंग्या लागतात म्हणून आमचे कुटुंब तांदळाचे चार दाणे घालते. शास्त्राधार विचारू नका.

आणि तुकडे जोडण्याचा जो भाग, त्याचे सुख काय वर्णावे! दुपारी ओसरीवर तुकडे मांडून बसावे. हा नातीच्या झबल्याचा, हा उशीच्या अभ्र्याचा, हा कोणाच्या मुंडाशाचा. एकट्या पडलेल्या विटक्या तपकिरी तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. पण पिवळ्याशेजारी ठेवला की तो जागा होतो. जागा बदलून पाहावी, पुन्हा बदलावी. चहा निवून जातो. आमच्या डोक्यात व्याकरण भरलेले, त्यामुळे आम्हांस ते समासासारखे दिसते. दोन पदे जुळली की प्रत्ययाचा लोप होतो, तशी दोन तुकड्यांची कड आत दुमडून जाते. वरून एकच पद. काही तुकडे मात्र कशाशीच जुळत नाहीत. त्यांस आम्ही वेगळ्या पिशवीत ठेवतो, आणि सहा महिन्यांनी त्यांचाही शेजारी सापडतो. दिंडीच्या जीर्ण पताकेचा तुकडा आला तर तो उशाकडे लावतो, पायथ्याला नाही. एवढे सोवळे आम्ही पाळतो.

धावदोऱ्याचा टाका अर्धा वर दिसतो, अर्धा खाली जातो. वर दिसतो तेवढ्याने गोधडी टिकत नाही. नामाचेही असेच आहे, हे आम्ही कीर्तनात अनेकदा सांगितले आहे, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या आहेत. प्रत्येक टाक्यास एक नाम घ्यावयाचे, असाही परिपाठ ठेवून पाहिला. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दहाबारा टाक्यांनंतर नाम राहते बाजूला आणि मन पुढच्या तुकड्याच्या रंगात जाते. मग पुन्हा ओढून आणावे.

या वस्तूस संस्कृतात कन्था म्हणतात. बंगालात कांथा म्हणतात ती हीच. विद्यार्थिदशेत अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात कन्था शब्द भेटला तेव्हा आम्हांस घरची वाकळ आठवून हर्ष झाला. गुरुजींनी सांगितले की तेथे उशीनर देशातल्या नावांचा विषय आहे, पांघरुणाचा नव्हे. असो. विरक्ताच्या अंगावर मात्र ही कन्था सर्वत्र दिसते. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिकेतला योगी रस्त्यावरच्या चिंध्या पांघरतो. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकड्यांचेच, आणि त्याची आखणी मगधातल्या शेतांच्या बांधांवरून आनंदाने केली असे विनयपिटकात आहे. आपल्याकडे गाडगे महाराज (१८७६-१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून कीर्तन करीत. लोक त्यांस गोधडे बुवाच म्हणत. आणि ज्यांच्या कीर्तनपरंपरेत आम्ही उभे राहतो ते नामदेवराय तर शिंपीच. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत सुई, दोरा, कातर हा घरचा संसार देवाच्या कामास लावलेला आहे. तेव्हा सुई हातात घेण्यास आम्हांस कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

आता तडाख्याकडे येतो.

कीर्तनकारास गावोगावी नारळ आणि उपरणे मिळते. चाळीस वर्षांत आमच्याकडे उपरण्यांची मोठी पेटी भरली होती. वारंवार वापरलेली, मऊ झालेली अशी निवडून त्यांची एक गोधडी करावयास घेतली. वरच्या अंगाला सगळे उपरण्यांचेच तुकडे, कोठे जरीचा काठ, कोठे कुंकवाचा पुसट डाग. २०१८ च्या श्रावणात ती पूर्ण झाली. अशी गोधडी आमच्या हातून पूर्वी झाली नव्हती, पुढेही झाली नाही.

त्याच वर्षी आश्विनात एका गावी कीर्तनानंतर महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा पुढे आला. म्हणाला, "महाराज, राग मानू नका. आसक्ती सोडा म्हणून तुम्ही सांगता, आणि दुपारी तुम्ही चिंध्यांवर इतकं प्रेम करताना आम्ही पाहिलं. हे कसं?" आम्ही निष्काम कर्माचा सिद्धांत मांडला. आनंद करण्यात आहे, केलेल्या वस्तूत नाही. गोधडी झाली की आमचा तिच्याशी संबंध सुटला, असे म्हणालो. चारपाच वृद्धांनी "वा, बुवा!" म्हटले. मुलगा गप्प बसला. सभा जिंकणे आम्हांस येते. चाळीस वर्षांचा धंदा आहे. धंदा कसला, सेवा म्हणावयाचे.

महिन्याने कार्तिकी. पंढरपुरात एका मठात उतरलो होतो. दशमीची रात्र, नदीवरून गार वारा येत होता. शेजारी एक म्हातारे वारकरी, परभणीकडचे, अंगावर धोतर, सदरा आणि एक विरलेले उपरणे. गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आमच्याजवळ दोन पांघरुणे होती: एका यजमानाने दिलेले बाजारचे नवे ब्लँकेट आणि ती उपरण्यांची गोधडी. हात प्रथम गोधडीकडे गेला. गेला आणि थांबला. आम्ही ब्लँकेट उचलून त्यांच्या अंगावर घातले. "माउली, लई उपकार झाले," म्हणून ते निजले.

वाचक म्हणतील, यात चुकले काय? ब्लँकेट नवे होते, उबदार होते, म्हाताऱ्याची थंडी भागली. आम्हीही स्वतःस हेच सांगितले. परंतु झोप येईना. अंधारात आमची बोटे गोधडीवरून फिरत होती आणि आम्ही गावे मोजीत होतो. हा काठ अमुक गावच्या सप्ताहाचा, हा तमक्या ठिकाणच्या काल्याचा. तेवीस गावे मोजली. ती गोधडी नव्हती, आमच्या मानसन्मानांची वही होती, आणि ती आम्ही पांघरून बसलो होतो.

दुसरे दिवशी एकादशीस मठात आमचे कीर्तन. उत्तररंगास जनाबाईंची कथा लावलेली होती, महिपतीबोवांच्या भक्तविजयातली. आपणा सर्वांस ठाऊक आहे. देव रात्री जनीच्या खोपटात येतो, तिच्याबरोबर दळतो, तिच्या वाकळेवर निजतो. पहाटे काकड्याची वेळ होते; देव गडबडीने उठतो, आपले पदक आणि शेला तेथेच विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहतो. बडवे येऊन पाहतात तो देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. पुढे चोरीचा आळ, सूळ, आणि सुळाचे पाणी.

ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. आमचा सगळा भर सुळावर. श्रोते श्वास रोखतात, सुळाचे पाणी होते, विठ्ठलनामाचा गजर होतो. वाकळ आम्ही एका वाक्यात उरकीत असू. देव घाईत होता, हाती आले ते पांघरले, थोडा विनोदही करीत असू. त्या दिवशी "वाकळ" हा शब्द उच्चारला आणि पुढचे वाक्य सुचेना. समोर तिसऱ्या रांगेत ते परभणीकडचे म्हातारे बसले होते. मनात आले, देव विसरला कोठे? त्याने शेला ठेवला आणि वाकळ नेली. दासीच्या घरची वाकळ दुसरे कोण शिवणार? जनीनेच शिवली असणार, दळणकांडण आटोपून, उरलेल्या उजेडात. तिला ती आवडत नसेल काय? पण देव ती घेऊन गेला, तर जनी त्याच्या मागे धावली नाही. आम्ही शेला दिला होता. वाकळ ठेवून घेतली होती.

टाळकऱ्यांनी ओळखले की बुवा अडखळले. त्यांनी "विठ्ठल विठ्ठल" धरून आम्हांस सावरले. श्रोत्यांस काही कळले नाही.

द्वादशीचे पारणे आटोपून गोधडी घेऊन त्यांस शोधावयास गेलो, तो त्यांची दिंडी निघून गेली होती. आमच्या जागेवर ते ब्लँकेट चारी कोपरे जुळवून घडी घातलेले ठेवले होते. त्यांस वाटले, रात्रीपुरते दिले.

पुढील वर्षी, २०१९ च्या कार्तिकीस, ती गोधडी मठातल्या सामाईक अंथरुणांच्या थप्पीत ठेवून आलो. ठेवताना हात हलका झाला असे म्हणणार नाही. दोनदा मागे वळून पाहिले. त्यानंतर आली २०२०. करोनामुळे आषाढीस पादुका एसटीने पंढरीस गेल्या, कीर्तने बंद, गावे बंद. त्या वर्षी आम्ही तीन गोधड्या शिवल्या. उपरणी आता आतल्या थरात घालतो, वर नाही. तेथे ती मऊ पडतात आणि कोणास दिसत नाहीत. खरे तर ऊब आतल्या थरांतच असते; थरांच्या मध्ये जी हवा कोंडून राहते तीच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आश्चर्य हे की शिवण्याचा आनंद तसूभरही उणा झाला नाही. रंग जुळवताना आजही चहा निवतो, आजही कुटुंब ओरडते.

२०२१ च्या कार्तिकीस मठात गेलो तेव्हा पहिली दृष्टी थप्पीकडे गेली. गोधडी नव्हती. एका खांबाशी विदर्भातल्या दिंडीतली एक तरुण बाई तान्ह्या लेकरास घेऊन बसली होती, आणि लेकराभोवती आमची गोधडी गुंडाळलेली. जवळ जाऊन विचारले, "ऊब आहे का गं, माउली?"

"हाय ना बाबाजी. जड हाय जराशी, पन पोरगं हूं का चूं न करता निजलं. हा एक कोपरा तेवढा उसवला, पोराचं बोट अडकते त्यात."

कोपरा खरेच उसवला होता. मेण न लावता दोरा ओवला असणार, चूक आमचीच. पिशवीतून डबा काढला. बाईने लेकरू हलू नये म्हणून गोधडीचा तेवढा कोपरा आमच्याकडे सरकवला, आणि सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तोही तिनेच ओवून दिला.