बांधावरचा अडुळसा आणि वृंदावनातील तुळस

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात शेळ्यामेंढ्यांच्या कळपांपुढे हिरवे पान टिकणे कठीण असले, तरी बांधावर अथवा कुंपणाला लावलेला अडुळसा बहुधा शाबूत राहतो, कारण त्याच्या कडू पानांना शेळीही सहसा तोंड लावत नाही. आयुर्वेदात 'वासा' या नावाने प्रसिद्ध असलेली ही वनस्पती कास (खोकला), श्वास (दमा) आणि रक्तपित्त, म्हणजे शरीरातून रक्त पडण्याचे विकार, यांवर प्रमुख औषध मानली गेली आहे. तिची पाने सहजी रस सोडत नाहीत. म्हणून ती वाटून, तो गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वर मातीचा जाड लेप देऊन निखाऱ्यांत भाजतात आणि मग पिळून निघालेला रस मधातून देतात, या कृतीस 'पुटपाक' म्हणतात. आधुनिक औषधशास्त्रातील ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे द्रव्यसुद्धा अडुळशातील व्हॅसिसीन या घटकावरूनच विकसित झाले.

इतक्या गुणी वनस्पतीपुढे मात्र कोणी दिवा लावत नाही. पूर्वजांनी तुळशीचे औषधी गुण ओळखले आणि लोकांनी ती जपावी म्हणून तिला धर्माचे आवरण दिले, ही उपपत्ती आज इतकी रूढ आहे की तिची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ती खरी असती, तर अंगणातील वृंदावनावर खोकल्याच्या औषधांत अग्रगण्य असलेल्या अडुळशाचाही हक्क पोहोचला असता; शिवाय द्वादशीस तुळस तोडू नये, हा निर्बंध औषधाच्या सोयीसाठी घातला गेला, असे म्हणणे तर अगदीच अशक्य आहे. तुळस पूज्य ठरली ती विष्णूशी असलेल्या नात्यामुळे. उपयुक्ततेला त्या नात्याचे मूळ मानणे म्हणजे भक्तीला हिशेबाच्या वहीत बसविणे होय.

याच जिल्ह्यात, प्रवराकाठच्या नेवाशात, शके 1212 मध्ये (इ. स. 1290) ज्ञानेश्वरांनी ज्या गीतेवर भाष्य केले, तिच्या नवव्या अध्यायात भक्तीने अर्पिलेले पान स्वीकारण्याचे आश्वासन आहे, पण ते पान कोणत्या झाडाचे, हे सांगितलेले नाही. तेथे मोल भावाचे आहे, पानाच्या गुणधर्माचे नाही. चरकसंहितेची दिशा वेगळी आहे: जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, मात्र योग्य योजना आणि हेतू हवा, असे ती सांगते. एका दृष्टीत वस्तूचे मोल अर्पणाने ठरते, दुसरीत उपयोगाने. आणि या दोहोंची सरमिसळ केल्याने ना भक्ती कळते, ना वैद्यक.

तरीही वैद्यकाला आदर परका नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पती गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत व्हावे, शुभ्र वस्त्र नेसावे, उपवास करावा, देवतांचे पूजन करावे आणि पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून ती घ्यावी, असा विधी सांगितला आहे. हा नियम कोणा एका पूज्य झाडासाठी नाही. तो तोडणाऱ्याच्या हाताला लागू आहे, मग समोर बांधावरचा अडुळसा का असेना.