पुण्याचे मुद्दल

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, पॉलिश होतात. त्यांतले एखादे पातेले देवळाला द्यायचे असेल, तर नाव घालायच्या मशीनने त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी अक्षरे उमटतात: अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून. नाव घातले की ते दान राहत नाही, सौदा होतो, असे पुष्कळांना वाटते. भांडे देऊन लौकिक आणि पुण्य विकत घेतले, असा त्यांचा आक्षेप. तो हलका नाही. पण इथून जवळच, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या कातळावर, त्याला तोलून पाहण्याजोगा पुरावा आहे.

उल्हास नदी ज्या वसईच्या खाडीतून भाईंदरच्या उत्तरेला समुद्राला मिळते, तिच्या वरच्या अंगाला कल्याण. सातवाहनांच्या काळातले हे नामांकित व्यापारी बंदर. ते पाहायला आजच्या कल्याणात गेले तर हाती फारसे लागत नाही. ते भेटते कान्हेरीला. कल्याणच्या सोनाराने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवली, कल्याणच्याच लोहाराने वाट करून दिली. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांचे. नाव, गाव, धंदा, सगळे कोरलेले. लौकिकाची हौस यात नव्हती असे म्हणवत नाही. मात्र त्या काळच्या दानाची एक रीत होती, अक्षयनीवी, आणि माझ्या मते सौद्याचा आरोप तिच्यापाशी अडतो. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या उषवदाताच्या लेखात तिचा चोख हिशेब आहे. ३,००० कार्षापण दान. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी वापरायचे. उषवदात व्यापारी नव्हे, नहपान क्षत्रपाचा जावई. तरी पैसा त्याने कोठारात न ठेवता मागावर ठेवला. सौद्यात देणेघेणे झाले की दोघे मोकळे. इथे देणाऱ्याला रक्कम कधी परत मिळणार नाही आणि घेणारा कधी मोकळा होणार नाही. शिवाय दात्याचे पुण्य पुढच्या विणकरांच्या सचोटीवर टांगलेले. जे असे दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते, त्याला विकत घेतलेले कसे म्हणायचे?

याहून बोचरा प्रश्न पैसा मुळात आला कुठून, हा. मापात मारून मिळवलेल्या पैशाची पोढी कुणाची तहान भागवील, पण ज्याला मापात मारले त्याचे काय? अक्षयनीवीने हे पाप धुतले जाते असे मी मानत नाही. लेख धंदा सांगतात, कमाईची रीत सांगत नाहीत. जपानच्या ओमी प्रांतातल्या फिरत्या व्यापाऱ्यांनी हा प्रश्न दानाच्या आधी, विक्रीच्या वेळीच विचारला. त्यांच्यातल्या नाकामुरा जिहेई याने १७५४ साली वारसाला लिहून ठेवले की परमुलखात माल नेताना आधी तिथल्या लोकांचे हित पाहावे, स्वतःचा नफा नव्हे. हे दानाहून अवघड, कारण त्याची पाटी कुठे लागत नाही. पातेल्यावरच्या नावाला मी म्हणूनच नावे ठेवणार नाही. त्या नावावरून गाळा सापडतो, आणि तिथे मजुरी वेळेवर मिळते का, हे कुणालाही विचारता येते.