मुलाखतीत न विचारलेले प्रश्न

सकाळी आठच्या सुमाराला लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत दोन तऱ्हेची माणसं असतात. काहींच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं. काहींच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर असतं: आयटीआयची नाहीतर डिप्लोम्याची गुणपत्रिका, आधारची झेरॉक्स, चार पासपोर्ट फोटो. हे फोल्डरवाले हिंगणा एमआयडीसीत गेटागेटावर विचारत फिरतात. डिगडोह, नीलडोह, इसासनीत खोली करून राहणारी ही पोरं. आपण कंपनीला कोणते कागद दिले, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. कागदांखेरीज आणखी काय काय आत पोचलं, हे मात्र ठाऊक नसतं.

बायोडेटावर मोबाइल नंबर असतो. एचआरमधल्या माणसाने तो सेव्ह केला की व्हॉट्सॲपचा डीपी दिसतो, ट्रूकॉलरवर नाव येतं, त्या नावावरून फेसबुक आणि इन्स्टाग्राम उघडतं. मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या नावाखाली एजन्सीला पैसे देऊन ही तपासणी करून घेऊ शकतात. वीस माणसांच्या शेडमध्ये हेच काम मालकाचा पुतण्या चहा पिता पिता फुकटात करू शकतो. पद्धत वेगळी, पण उमेदवाराला पत्ता लागू न देण्याची सोय दोन्हीकडे सारखीच.

यावर एक उत्तर हमखास येतं: त्यांनीच टाकलंय, सगळ्या जगाला दिसतंय, आम्ही पाहिलं तर काय बिघडलं? उत्तर वरवर बिनतोड आहे आणि मालकाची बाजूही अगदीच पोकळ नाही. ज्याच्या हाताखाली दहा मुली काम करणार, तो माणूस समाजमाध्यमांवर बायकांना धमक्या देत असेल तर ते कळायला नको का? कामाच्या जागी लैंगिक छळ होऊ न देण्याची जबाबदारी २०१३ च्या कायद्याने मालकावर टाकलीच आहे. तलवार नाचवत रील टाकणाऱ्याला रात्रपाळीचा सुरक्षारक्षक कोण नेमेल? ही भीती खरी आहे, ती मी मोडीत काढत नाही. अडचण अशी की धमकी शोधायला उघडलेल्या प्रोफाइलमध्ये धमकी सापडते क्वचित, बाकीचं सगळं मात्र सापडतंच.

बाकीचं म्हणजे काय, ते विदर्भात वेगळं सांगायला नको. इथे आडनावावरून जात ओळखायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे, आणि तरीही वानखडे, राऊत अशी कित्येक आडनावं दोन-तीन समाजांत सापडतात. बायोडेटावरचं आडनाव बघणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. तो संशय डीपी मिटवून टाकतो. १४ एप्रिलचा निळ्या झेंड्यासह काढलेला फोटो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरच्यांसोबत दीक्षाभूमीच्या स्तूपापुढे उभं राहून काढलेला फोटो, ईदच्या शुभेच्छा, कुलदैवताच्या यात्रेचा व्हिडिओ, यांतलं एकही लपवण्यासारखं नाही. उलट ते अभिमानाने लावलेलं असतं, आणि लावावंच. पण मुलाखतीच्या टेबलावर 'तू कोणत्या जातीचा?' असं विचारायला जो माणूस कचरला असता, त्याला विचारण्याची गरजच उरत नाही. उत्तर हाती येतं आणि प्रश्न विचारल्याचा पुरावा मागे राहत नाही.

मुलींचं तसंच. साखरपुड्याचा फोटो दिसला की 'ही वर्षभरात सोडून जाईल' असा हिशेब मनात मांडून होतो. आपल्याकडे लग्नाचा प्रश्न मुलाखतीत तोंडावर विचारणारे महाभागही कमी नाहीत, पण तोंडावर विचारलं तर निदान ती सांगू तरी शकते की नवरा नागपुरातच आहे, नोकरी सोडणार नाही. फोटोने परस्पर दिलेल्या उत्तराला ती काय म्हणणार? किंवा एखाद्याचा काका बंद पडलेल्या कारखान्याच्या थकबाकीसाठी गेटसभेत लाल झेंडा घेऊन बसला आणि पुतण्याने तो फोटो शेअर केला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. तो कायदा कामगारासाठी झाला. हा तर अजून कामगार झालेलाच नाही.

मी जातीवर भर देतो आहे, याला कारण आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत जाहिरात आलेल्या खाजगी नोकऱ्यांसाठी त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश निघालं, मुस्लिम नावाला जेमतेम एक-तृतीयांश. तेव्हा चाळणी लावायला नुसतं नाव होतं, आता नावासोबत शंभर फोटो आहेत. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशीच परीक्षा समाजमाध्यमांवर घेतली. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता, तो फक्त ऑनलाइन प्रोफाइलवरून कळत होता. देशभराच्या सरासरीत मोठा फरक दिसला नाही, पण रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला ख्रिस्ती उमेदवारापेक्षा ठळकपणे कमी बोलावणी आली. म्हणजे सगळेच मालक डोकावत नाहीत आणि डोकावणारे सगळे वाईट नसतात. तरीही जिथे मनात आधीपासून अढी आहे, तिथे प्रोफाइल तिला खाद्य पुरवतं. आपल्याकडे अढी कुठे कुठे आहे, ते सांगायला संशोधक लागत नाही.

कायद्याकडे वळलं की एक नागपूरकर भेटतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी आपलं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. त्यात त्यांनी केलेला भेद आपल्या प्रश्नाला थेट भिडतो: खाजगीपणाचा हक्क मूलभूत हक्क म्हणून सरकारविरुद्ध मागता येतो, तर खाजगी माणसांमध्ये तो सामान्य कायद्याच्या वाटेने चालतो. हिंगण्यातली कंपनी म्हणजे सरकार नव्हे. तेव्हा उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट टाकून 'माझा डीपी का पाहिला' असं कंपनीला विचारता येणं कठीण आहे. त्याच खटल्यात धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने मात्र 'सगळ्यांना दिसतंय' या युक्तिवादाची धार बोथट केली. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्याने त्याचा खाजगीपणा संपत नाही, कारण तो जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेला असतो, असा त्याचा आशय आहे. सीताबर्डीच्या गर्दीत मी उघडपणे फिरतो, म्हणून एखाद्याने दिवसभर माझ्यामागे वही घेऊन फिरावं असं होत नाही.

संसदेने नंतर जो कायदा केला, त्याने 'सगळ्यांना दिसतंय' या युक्तिवादाला पुन्हा दार किलकिलं केलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. कायद्यात दिलेलं उदाहरणही समाजमाध्यमाचंच आहे. शिवाय नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा सातव्या कलमात आहे. अजून नोकरीला न लागलेला उमेदवार त्या मुभेत येतो का, हे कलमाच्या भाषेतून नीट उलगडत नाही. एक फट मात्र उमेदवाराच्या बाजूची आहे, ती वकिलांनी पकडावी. 'स्वतःहून सार्वजनिक केली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मित्राने लग्नाच्या वरातीतला फोटो टाकून टॅग केलं, तर ते मी स्वतः केलेलं नाही. फक्त मित्रांसाठी ठेवलेली पोस्ट कुणा ओळखीच्याच्या फोनवरून पाहिली, तर तेही नाही.

आणि जुनं झालेलं? पोरगं सोळाव्या वर्षी जे लिहितं, ते बाविसाव्या वर्षी त्याचं असतं का? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल भरतीच्या एका प्रकरणात निकाल दिला. उमेदवार विशीच्या आसपास असताना त्याच्यावर मारामारीचा गुन्हा नोंदला गेला होता, पुढे तडजोड झाली होती, आणि अर्जात त्याने ते दडवलं होतं. न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ वालजाँचा दाखला देत सांगितलं की तरुण वयात अविचार होतो, त्याचा शिक्का माणसावर जन्मभर मारू नये. त्या निकालातली उदारता सगळ्यांच्या लक्षात राहते. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी: त्या तरुणाला कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. आपल्याला का काढलं, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो भांडू शकला. एमआयडीसीच्या गेटवरून 'कळवतो' ऐकून परतणाऱ्या मुलाला पाच वर्षांपूर्वीची मीम नडली की वेल्डिंगची चाचणी, हे कधीच कळत नाही. ज्याचं कारण कळत नाही, त्या निर्णयाविरुद्ध अपील कुठे करायचं?

शिवाय आक्षेपार्ह काय, हे ठरवणारे बदलत असतात. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने त्या वेळच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला, तेच मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरलं. कायद्याने हात मागे घेतले, पण एचआरच्या संगणकावरचा स्क्रीनशॉट त्या निकालाने पुसला जात नाही.

या सगळ्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना सीनियर सांगतात: प्लेसमेंटचा मोसम आला, जुनं उडव, लिंक्डइन झकास कर, इन्स्टाचं दुसरं खातं काढ. तिथे पाहणाऱ्याला दिसतं ते मांडून ठेवलेलं दुकान, म्हणजे तपासणीचा हेतूच फसला. काटोल-कळमेश्वरकडून आलेल्या आयटीआयच्या पोट्ट्याला असं सांगणारं कुणी नसतं. तो जसा आहे तसा दिसतो आणि तोच चाळणीत अडकतो.

जगात यावर विचार झालेला आहे. फिनलंडच्या २००४ च्या कायद्यानुसार उमेदवाराची माहिती मुख्यतः उमेदवाराकडूनच घ्यायची असते. अमेरिकेत काही मालक उमेदवारांकडे चक्क फेसबुकचा पासवर्ड मागू लागले, तेव्हा २०१२ मध्ये मेरीलँडने त्यावर बंदी घातली आणि मागोमाग इतर राज्यांनीही. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी २०१७ मध्ये मत दिलं की प्रोफाइल उघडं आहे म्हणून मालकाला ते वापरायचा परवाना मिळत नाही; त्या कामाशी संबंध असेल तेवढंच पाहावं आणि तसं आधी सांगावं. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात तर २०१९ पासून समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना आणि त्याच वर्षी डिसेंबरात एच-१बी अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक करायला सांगण्यात आलं. नागपुरातल्या कितीतरी घरांनी त्या धास्तीत दिवस काढले. मला ते धोरण दडपशाहीचं वाटतं. पण निदान ते फॉर्मवर छापलेलं आहे! आपल्याकडचा मालक तेवढंही सांगत नाही.

म्हणून 'पाहूच नका' अशी मागणी मी करत नाही. ती कुणी पाळणार नाही आणि पाळली की नाही हे तपासताही येणार नाही. मागणी एवढीच की चोरून पाहणं बंद व्हावं. पाहणार असाल तर जाहिरातीत तसं लिहा. आधी कामाची चाचणी आणि मुलाखत होऊ द्या, निवड ठरत आली की मग पाहा. पाहणारा एक आणि ठरवणारा दुसरा ठेवा, म्हणजे धमकीची पोस्ट ठरवणाऱ्यापर्यंत जाईल, दीक्षाभूमीचा फोटो जाणार नाही. आणि काही खटकलं तर उमेदवाराला दाखवा, विचारा. एकाच नावाची चार पोरं एका तालुक्यात असतात, तो त्याचा प्रोफाइल नसेलही. वीस माणसांच्या शेडला यातलं दुसरा माणूस नेमणं जमणार नाही हे मला कळतं. सांगणं आणि विचारणं, या दोन गोष्टींना मात्र रुपयाही लागत नाही.

माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मालकांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील, आणि तेव्हाही उघड्या प्रोफाइलची सूट कायमच राहील. तोवर हातात असलेली जागा एकच: कॅम्पस. कंपनी कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये येते तेव्हा ती मागणारी असते. हिंगणा रोडवरच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून एका पानावर लिहून घ्यावं: तुम्ही मुलांची समाजमाध्यमं पाहणार का, काय शोधणार, आणि खटकलं तर मुलाला सांगणार का. पुढच्या हंगामाची पत्रं जातील, तेव्हा त्यांच्यासोबत हे पानही जाऊ द्या.